दादाचे आजार

३ मार्च, गुरुवार

"समजा, तुझा दादा उद्या सुधारला. मग परवापासून तू काय करशील?" सिस्टरनी आज बैठकीत विचारलं. घरी आले, जेवले, तरी तोच प्रश्न डोक्यात.

जुगार खेळणाऱ्यांच्या घरच्यांची बैठक होती. वाचनालयाच्या वर, मुलांच्या खोलीत. गुडघे हनुवटीला टेकतील अशा खुर्च्या. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स, त्याच बैठक चालवतात. मला वाटलं होतं, माणसाचा जुगार कसा सोडवायचा ते शिकवतील. इथे सगळं उलटंच! आपल्या माणसाचं गाऱ्हाणं सुरू झालं की सिस्टर कपावर चमचा वाजवतात. "त्याचं कळलं. आता तुझं सांग." माझ्या वेळी चमचा थांबेचना. शेजारी एक बसचालक होते, त्यांची बायको खेळते. म्हणाले, "पहिल्या दिवशी माझ्या वेळी कप फुटायचाच राहिला होता. तिच्यावर पाळत ठेवायची नोकरी करत होतो ना मी. बिनपगारी!"

४ मार्च

दादा उजाडेपर्यंत मोबाईलवर पत्ते खेळला. मग कसला उठतोय! छापखान्यातून फोरमनकाकांचा फोन. आईने तो माझ्यासमोर धरला — "तू शिकलेली. तुला नीट बोलता येतं."

घरातली पहिली पदवीधर मी, आणि पदवीचा उपयोग हा! ताप झाला, पोटदुखी झाली, पाठ धरून झाली. आज म्हटलं, दाढ दुखतेय.

"कोणती?" काकांनी विचारलं.

मी चक्क स्वतःचा गाल चाचपून सांगितलं — "खालची. डावीकडची."

७ मार्च

दादा वेळेवर कामाला गेला. जाताना मला म्हणाला, "येतो, वकीलसाहेब." मी हसले. नंतर दिवसभर स्वतःचाच राग.

१० मार्च, गुरुवार

बैठकीत दाढेचं सांगितलं. सगळे हसले, मीही. चमचा वाजला नाही. हे माझं होतं ना! सिस्टर म्हणाल्या, "त्याच्यासाठी खोटं बोलणं थांबवलं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडलं, असं नाही." बसचालक हळूच म्हणाले, "पण घरी भडका उडेल हं."

उडाला. जेवताना दोघांना सांगून टाकलं — यापुढे फोनवर मी बोलणार नाही.

दादा : "झालं! शिकून शहाण्या झाल्या बाईसाहेब."

आई भांडी आपटत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "त्याची नोकरी गेली तर तुझ्यामुळे."

जाईलही. माझी छोटीशी नोकरी, त्यावर घर चालेल? आणि तरीही मीच बरोबर, असं वाटतं. हा हट्ट तर नाही ना माझा?

१६ मार्च

दादा पुन्हा अंथरुणात. फोन वाजत राहिला. मी हात मांडीखाली दाबून बसले. शेवटी आईच बोलली, गॅलरीत जाऊन. काय सांगितलं ते सांगायला तयार नाही.

१७ मार्च, गुरुवार

संध्याकाळी फोरमनकाका जिन्यात दिसले. हातात सफरचंदं. मला बघायला! आईने आता कुठे कबूल केलं — काल तिने त्यांना सांगितलं होतं, मुलगी फार आजारी आहे, दादा तिच्याजवळ बसलाय.

"आडवी हो!" आईने उशी फेकली. "थोडं कण्ह!" दादा पांघरूण घेऊन तयार.

मी दार उघडलं. "या, काका. मी ठणठणीत आहे. काल का आला नाही, ते दादालाच विचारा." त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग आईचा हात धरला आणि तिला घेऊन बैठकीला गेले.

परत आलो तेव्हा दादा एकटाच बसला होता. काय झालं ते मी विचारलं नाही.