सुयशच्या अकरा कॅसेटी

मोहम्मद बिन झायद सिटी, अबुधाबी
१२ जानेवारी २०२५

चि. प्रकाश यास,
अनेक आशीर्वाद. तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून हे शेजारच्या विघ्नेशच्या हाती पाठवते. तिकडे सुट्टीवर येतोय तो. कानात मशीन घाल म्हटलं तर घालत नाहीस.

सुयशला जाऊन दीड वर्ष झालं. सून ऑफिसला जाते, मी भाजी निवडते, खलास. त्याची लेक अस्मी कॉलेजात सिनेमा शिकते. प्रोजेक्टला तिने शंभर वर्षांपूर्वीचा अमेरिकन प्रोड्यूसर धरलाय, प्रिंगल नावाचा. आधी हातमोजे विकायचा. मग कॅमेरा घेतला, शेड बांधली, आठवड्याला दोन मुके सिनेमे काढायचा. चारशे काढले. बोलते सिनेमे आले, धंदा बसला. त्याने सगळी रिळं धुवायला दिली, फिल्मवरची चांदी काढायला. शेवटी दुसऱ्याच्या स्टुडिओच्या गेटवर वॉचमन. आता त्याचं काही बघायला मिळत नाही. असं कुणी कसं करू शकतं, अस्मी इंग्लिशमध्ये विचारते. मी म्हटलं, जागा अडत असेल.

पण ऐक. तिला माझ्या ट्रंकेत सुयशच्या कॅसेटी सापडल्यात. इथे रुवैसच्या रिफायनरीत नवीन लागला तेव्हा बोलून देवरुखला पाठवायचा त्या, अकरा. पप्पांचा आवाज म्हणून पोरगी नाचते. दुबईला, बर दुबई भागात, शौकत रिपेरवाल्याकडे जुना टेपरेकॉर्डर दुरुस्तीला टाकलाय. पार्ट यायला महिना लागेल म्हणतो, इन्शाल्ला.

त्यात काय आहे ते तुला माहितीये. काय करू ते लिही. लोभ भरपूर पाठव, उपदेश थोडक्यात.

कुंदाताई

देवरुख
२ फेब्रुवारी २०२५

ती. कुंदाताईस,
शि. सा. न. पत्र पोचलं, खजूरही. मशीन घालतो, पण मग सूनबाईचं सगळं ऐकू येतं.

माहिती असायला काय, टेपचं बटण मीच दाबायचो. तू दोनदा ऐकायचीस, डोळे पुसायचीस, आणि कोरी कॅसेट कशाला आणायची म्हणून त्यावरच रेडिओवरचं कीर्तन भरायला लावायचीस. दर महिन्याला नवीन येत होती तेव्हा. संपेल असं कुणाला वाटलं होतं.

टेप यायच्या आत तू सांग. टेपमधून कीर्तनाचे बुवा निघाले तर पोरीला दुप्पट लागेल.

धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस.

प्रकाश

अबुधाबी
२३ फेब्रुवारी २०२५

चि. प्रकाश यास,
आशीर्वाद. सांगितलं. पण शौकतचा फोन आला, टेप तयार, तेव्हा सांगितलं. त्याआधी तोंड उघडलं नाही.

 तरी ती बसने बर दुबईला गेली, टेप आणला आणि अकराच्या अकरा दोन्ही बाजूंनी वाजवल्या. सगळीकडे बुवा. मी तिथेच बसले होते. उठून जायची सोय नव्हती.

तिसऱ्या दिवशी तिने रेकॉर्डिंग चालू करून माझ्यापुढे मोबाईल ठेवला. पप्पा काय बोलायचे ते तू सांग, म्हणाली. मी सांगायला गेले. जेवलीस का, इथे ऊन फार, गोळ्या घे. शब्द आठवतात रे. त्याचा आवाज येत नाही. बंद कर म्हटलं, तिने केलं नाही. दोघी तशाच बसलो. खाली कुणाची तरी गाडी पाठीमागे घेताना पीपी वाजत होती.

मग तिने मोबाईल उचलला. ते माझं गप्प बसणं ठेवलंय तिने. पुसणार नाही म्हणते.

कॅसेटी टेबलावर पडल्यात. जागा अडते. उचल म्हणत नाही मी.

पत्र पोचलं की रविवारी फोन करीन. लोभ असेल तर मशीन घालून बस. आणि जरा बोल.

कुंदाताई