इन्स्पेक्टरसाहेबांचा फ्लेक्स

आप्पा, तुमचा इन्स्पेक्टर परत येतोय. शेवटच्या भागात गोळी लागून मेलेला, तोच. ती रहस्यमालिका चॅनेलवाले इतक्या वर्षांनी पुन्हा सुरू करताहेत आणि लिहायचं काम मला मिळालंय. ते कसं मिळालं, हे सांगताना मान वर होत नाही.

कंपनीत तुमची दुसरी पाळी असली की मालिका हुकायची. सकाळी आई भाकरी थापतेय, तुम्ही ओट्याला टेकून चहा बशीत ओतताय आणि मला म्हणताय, "सांग गं, काल काय झालं? आन् घाई करू नको, खुनी शेवटी सांग." गोष्ट सांगायला मी त्या ओट्यापाशी शिकले. इन्स्पेक्टर मेला तेव्हा तुम्ही कंपनीतले दोस्त जमवून महाळुंग्याच्या चौकात फ्लेक्स लावलात. त्याचा टोपीतला फोटो, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'शोकाकुल : दुसरी पाळी मित्र परिवार'. बसमधून उतरणारी माणसं हसत होती, मीही हसले. तुम्ही भडकलात. "दात काय काढतीस? इतकी वर्सं आपल्यासंगं जेवत व्हता त्यो. घरातलं मानूस गेलंय."

गेल्या महिन्यात चॅनेलच्या मीटिंगमध्ये माझी पाळी आली, तेव्हा सगळे कंटाळून मोबाइल बघत होते. मग मी तुमच्या फ्लेक्सचा किस्सा बाहेर काढला. तुमचा आवाज काढला. 'घरातलं मानूस गेलंय' हे तर दोनदा म्हणून दाखवलं. लोक पोट धरून हसले, आप्पा. चॅनेलचे साहेब म्हणाले, "अरे, हाच आपला प्रोमो! युनिफॉर्ममधला कामगार फ्लेक्ससमोर ढसाढसा रडतोय आणि मागून इन्स्पेक्टर त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. भारी!" मी मान डोलावली. घरी येऊन लिहूनही दिलं, रडणं आणखी हास्यास्पद करून. परवा शूटिंग आहे, तुमच्याच चौकात. एक फोन केला तर अजून थांबवता येईल. केलेला नाही. आई इकडे वाकडच्या सोसायटीभर सांगत फिरतेय, "माझी पोर ह्यांच्या इन्स्पेक्टरला जित्ता करतीय." तिच्यासमोर बसून जेवायची लाज वाटते. हे पान तिच्या हाती लागू द्यायचं नाही, एवढं ठरवलंय.

अजून एक राहिलं. त्या मीटिंगमध्ये एकीनं विचारलं होतं, "मग पुढे त्या फ्लेक्सचं काय झालं?" मी म्हणाले, "काय माहीत." मला माहीत होतं. तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या दोस्तांनी तीच लाकडी चौकट शोधून आणली आणि त्याच जागी तुमचा फोटो लावला. खाली तेच, दुसरी पाळी मित्र परिवार. हे सांगितलं असतं तर कोणी हसलं नसतं. आणि मला काम हवं होतं.