लिंबाची तार

नागापूर, अहमदनगर
८ मार्च १९७३

प्रिय कारभारी,

आधी नीट टेकून बस, मोडका पाय उशीवर घे आणि मग वाच. मध्येच संताप आला तर खुशाल शिव्या दे, मी त्याच लायकीचा आहे. पण पत्र फाडू नकोस.

करंजीच्या घाटात डॉक्टरांच्या छोट्या गाडीचा ब्रेक गेला आणि तू ती दरीकडे न जाऊ देता डोंगराला घातलीस, त्याला आता तीन महिने होतील. डॉक्टर वाचले, तुझा पाय मोडला आणि वर खटला तुझ्यावरच! कारण काय, तर आमच्या गाडी-विक्रीच्या एजन्सीचा अहवाल. ड्रायव्हरच्या घरच्यांनी बंपरखाली तारेने लिंबू-मिरची बांधली, त्या तारेने ब्रेकचा पाइप कापला, गाडीत काही दोष नाही. खाली सही साहेबांची आहे. पण कारभारी, ते वाक्य माझं आहे. साहेबांनी विचारलं, काय सापडलं रे सहादेव? आणि मी गाडीखाली न शिरताच, उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं, सांगून टाकलं. दोरा कुजतो म्हणून लोक तारेने लिंबू बांधतात, त्याची मला आधीपासूनच चीड. पाइपाजवळ तार दिसली आणि मला शहाणपण सुचलं.

संक्रांतीला मी तिसगावला आलो तेव्हा हे सांगायचं होतं. जीभ रेटली नाही. साखर कारखान्याच्या ट्रकवर तू ड्रायव्हर आणि मी क्लीनर असताना एका डब्यात जेवलोय आपण, आणि त्या दिवशी तुझ्यासमोर घास उतरेना. म्हणून उगीच लिंबाची फोड मागितली. कडूवहिनी उठून परसात गेल्या. तू हळूच म्हणालास, “लिंबाला हातच लावत न्हाई आता. म्हणती, म्याच मोडला ह्यांचा पाय.” मी मान खाली घालून भाकरी संपवली आणि पहिली एसटी पकडून पळालो. भित्रा कुठला!

गेल्या महिन्यात श्रीरामपूरच्या एक नर्सबाई त्याच जातीची छोटी गाडी घेऊन आल्या. वळणावर ब्रेक मऊ पडतो, ही त्यांची तिसरी तक्रार. साहेबांनी आधीच्या दोन्ही वेळा वहीत लिहिलं होतं, बाईंना चालवायची सवय नाही. या खेपेला मी पाठीवर झोपून खाली शिरलो. पाइप कापला होता. तुझ्याच जागी, तुझ्या गाडीचा नंतर काढलेला पाइप पाहिला होता तसाच तिरपा. बाई ख्रिस्ती, लिंबू नाही, मिरची नाही, बंपरला नुसती धूळ!

मग शेडमधली कोरी गाडी घेतली. पाइपाशेजारी एक लोखंडी पट्टी असते, तिच्या धारेला खडू फासला आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा वेळा फिरवलं. पाइपावर खडूची पांढरी रेघ! प्रत्येक मोठ्या वळणाला ती धार पाइप घासते. घाटात तर काय, करवतच. पट्टीच चुकीची बसवलेली आहे, कारखान्यातूनच. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आम्ही.

साहेबांना रेघ दाखवली. म्हटलं, कंपनीला कळवा, विकलेल्या सगळ्या गाड्या परत बोलवा, पट्ट्या बदला. ते म्हणाले, तू पाने फिरव, डोकं फिरवू नकोस. ठीक आहे. आपल्या जिल्ह्यात अशा एकोणीस गाड्या गेल्यात. मालकांचे पत्ते वहीतून उतरवून घेतले आणि एकेकाला पोस्टकार्ड टाकलं: गाडी उभी करा, पाइप बघा, खाली माझं नाव-गाव. मुद्दाम कार्डंच टाकली, पाकिटं नाही. वाटेत पोस्टमनने वाचलं, पारावर चारचौघांनी वाचलं तर बरंच. शेवगावच्या एका मालकाने काल स्वतः गाडी ओढत आणली. त्याचा पाइप निम्मा गेला होता. साहेबांना सगळं कळलंय, येत्या सोमवारपासून मी कामावर नाही. जाऊ दे. पाने माझे स्वतःचे आहेत, आणि मोडक्या गाड्यांचा काय दुष्काळ पडलाय?

एकोणीस तारखेला तुझ्या खटल्यात मी उभा राहणार. नर्सबाईंच्या गाडीचा पाइप, त्यांचा लेखी जबाब, खडूची गोष्ट, सगळं आणतोय. अहवाल खोटा आणि तो खोटेपणा माझा, हेही सांगणार. तुझं लायसन तुझ्या हातात आल्याशिवाय मी तिथून हलत नाही.

पण कोर्टाचं कोर्टात सांगितलंच असतं, त्यासाठी एवढं लिहायला बसलो नसतो. हे पत्र तुला नाहीच. कडूवहिनींना समोर बसव आणि इथून पुढचं मोठ्याने वाच. वहिनी, तुमच्या लिंबाने काही केलेलं नाही. तुमची तार पाइपाला शिवलीही नव्हती. पाय तुम्ही मोडला नाही, गाडीने मोडला, आणि तीन महिने तुम्हाला जाळलं ते मी. कोर्टातल्या माणसांच्या आधी हे तुमच्या कानावर पडायला हवं होतं. एकोणीसला कोर्टातून थेट जेवायला येतोय. शिव्या द्या, उंबऱ्याबाहेर बसवा, चालेल. पण ताटात लिंबाची फोड वाढा, वहिनी, तुमच्या हाताने चिरलेली.

तुझाच, अजून ठेवलास तर,
सहादेव