हरकत नसेल तर

१२ मे, सोमवार

ट्यूना आयोगाची बैठक सुरू. सभा तिकडे बेटावर, मी इथे पिंपळे सौदागरला, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून. हिंदी महासागरात ट्यूना किती उरला, याचा आमच्या कंपनीने काढलेला अंदाज आपल्या शिष्टमंडळाला समजावून सांगायचा, एवढंच काम. विचारलं तरच बोलायचं. माझ्या सोयीचं!

बाबा बाल्कनीत. मालवणहून येऊन महिना झाला, अजून खुर्चीच्या कडेलाच बसतात.

१३ मे

बाबांनी विचारलं, "मासो किती मारूचो, ता कोण ठरयता?"

सांगितलं. शास्त्रज्ञांची समिती फक्त सल्ला देते. दुसरी समिती बघते, गेल्या वर्षी नियम कोणी मोडले. ठरवतो मात्र आयोग, म्हणजे सगळे सदस्य देश. मतदानाची सोय आहे, पण शक्यतो टाळतात. अध्यक्ष विचारतात, "कोणाची हरकत?" कोणी बोललं नाही की मंजूर.

"म्हणजे गप रवलो, तो हो म्हणालो?" बाबा हसले. "आणि मागाहून पटला नाय तर?"

"मुदतीत लेखी हरकत घ्यायची. मग तो नियम त्या देशाला लागू नाही."

"मगे दोर ओढतलो कोण?"



१४ मे

सुजितदादा चाकणहून पहिली शिफ्ट करून आला. बूट काढता काढताच — "बाबा, होडी आणि रापणीतला वाटा देऊन टाकू. गिऱ्हाईक चांगलं आहे. पुनावळ्याच्या फ्लॅटचं काम होऊन जाईल. शनिवारी मालवणला जाऊन सही करून येऊ. कोणाची हरकत?"

बाबा गप्प. मीही.

"चला, ठरलं!"

दुपारी अध्यक्षही अगदी असंच म्हणाले होते.

१५ मे

आज ठराव अडला. पकड कमी करण्याचा. अध्यक्षांनी विचारलं, शांतता. मंजूर म्हणणार, तेवढ्यात एका छोट्या देशाच्या बाईंनी माइक चालू केला — "आमचं गप्प राहणं म्हणजे होकार धरू नका."

पुढचं नीट ऐकलंच नाही मी. रापण आठवली.

पहाटेची ओली वाळू. अख्ख्या वाडीने मिळून किनाऱ्यावरून ओढायचं ते लांबच लांब जाळं. भिजलेल्या काथ्याचा वास, सगळ्यांच्या चपला एकाच ढिगात. मी दोराच्या शेपटाला लटकायचे. "दोराक हात लागलो, तो वाटेकरी," म्हणून बाबा माझ्याही नावाने मूठभर तारल्या वाळूत वेगळ्या ठेवायचे. दादा चिडायचा — "ही ओढता खय? लोंबकळता नुसती!" तेव्हा तोही मालवणीच बोलायचा.

आणि जाळं कुठे टाकायचं ते ठरायचं कसं? रापणीचा म्होरक्या, म्हातारा तांडेल, जागा सांगायचा. पटलं तो उठून दोर उचलायचा. न पटलं तो वाळूतच बसून राहायचा, गप्प. दर्यासमोर "नाय" हा शब्द काढायचा नाही, अशी आमच्या वाडीची रीत.

गप्प म्हणजे नाही!

१६ मे

आयोगाचा ठराव पुढच्या वर्षावर. तीच शास्त्रज्ञ समिती, तेच आकडे.

घरी ठराव कायम. दादाने गाडीत पेट्रोल भरलं. "बाबा काही बोलले का?" मी विचारलं. "काही नाही. म्हणजे तयार आहेत."

बाबांनी बॅग भरलेली नाही.

१७ मे, शनिवार

दादाच्या हातात गाडीची किल्ली. मी बाल्कनीतली कपडे वाळत घालायची दोरी सोडून आणली आणि एक टोक बाबांपुढे धरलं.

"योगिनी, हे काय आता?" दादा ओरडला.

बाबांचे दोन्ही हात गुडघ्यांवर. तसेच राहिले.

मग मी दोरी दादापुढे धरली. तो बघत राहिला. किल्ली टेबलावर ठेवली. बाबांच्या शेजारी खाली फरशीवर बसला — गप्प.