खिडकी बंद असताना घेतलेले आकडे

सोमवार, २ फेब्रुवारी
झालं ते असं, क्रमाने:
१. सकाळी ९.१०. कॅलिब्रेशनच्या खोलीत २९ अंश. हवे होते २३.
२. मी खिडकी उघडली. दार उघडंच होतं.
३. ९.१२. स्लोबोदांकाबाईंनी (क्वालिटी विभागप्रमुख, वय ६१, खांद्यावर कायम लोकरी शाल) खिडकी बंद केली.
४. मी पुन्हा उघडली.
५. ९.१५. त्यांनी पुन्हा बंद केली, खिडकीचं हँडल उपसून काढलं आणि पर्समध्ये टाकलं.

म्हणाल्या, बाळा, दार आणि खिडकी एकदम उघडी ठेवलीस तर वारं लागून तोंड वाकडं होईल, मग बस रडत. मी म्हणाले, मोजणी चुकते आहे. त्या म्हणाल्या, मोजणी पुन्हा घेता येते, तोंड पुन्हा मिळत नाही.

नोंदीसाठी: आमच्या कंपनीचा ताप मोजणारा पट्टा रुग्णाच्या काखेत चिकटवतात. ताप आला की नर्सच्या फोनवर गजर होतो. पट्टा उकाड्यात कॅलिब्रेट केला तर साध्या खोलीत ०.६ अंश कमी दाखवतो. म्हणजे ताप ३८.१, पट्टा म्हणणार ३७.५, गजर गप्प. असे ३४० पट्टे ९ मार्चला सोंबोरजवळच्या एका वृद्धाश्रमात जायचे आहेत.

पण कॅलिब्रेशनच्या कागदावर माझी सही लागते. सहीशिवाय माल हलत नाही. म्हणजे काळजीचं कारण नाही. मी रागावलेली नाही.

मंगळवार, ३ फेब्रुवारी
डायरेक्टर वुकाशिनसाहेबांना मेल. पाच मुद्दे, एक तक्ता, विशेषण एकही नाही. उत्तर शुक्रवारपर्यंत मागितलं. आकडे इतके स्वच्छ आहेत की उत्तर न देणं अवघड जाईल.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी
उत्तर नाही.
शेजारच्या टेबलावरचा ओग्न्येन (सॉफ्टवेअर, दिवसभर सूर्यफुलाच्या बिया सोलतो) म्हणाला, अगं दुन्या, इथेच नोव्ही सादमध्ये जन्मलीस की कालच आलीस? साहेब पहिल्या मुद्द्यापुढे वाचत नाहीत.
उपयुक्त माहिती. नवा मेल पाठवला. एकच मुद्दा. उपमुद्दे अ ते ऊ.

बुधवार, ११ फेब्रुवारी
साहेब पॅसेजमध्ये भेटले, ‘आमचं दार सदैव उघडं’ या पोस्टरखाली. पोस्टरशेजारचं त्यांचं दार बंद होतं, वाऱ्यामुळे. म्हणाले, तुझा मेल फार मनापासून लिहिलेला आहे. (त्यात तक्ता होता.) म्हणाले, दुन्या, आपण एक कुटुंब आहोत, घरात कुणी मेल लिहितं का? बस, बोलू.

तीन वाजता बसलो. अकरा माणसं, खिडक्या बंद, ३१ अंश. सल्लागार डॉक्टर आलेले पाहून मला बरं वाटलं. विज्ञान बोलणार. डॉक्टर बोलले. १९९८ साली एका लग्नात पाठीला वारं लागलं, तर पंधरा दिवस मूत्रपिंड धरून बसले होते म्हणे. टाळ्या पडल्या. खिडकी आणि दार एकाच वेळी उघडू नये, अशी गोल शिक्क्याची नोटीस भिंतीवर लागली.

तरीही विषय आता अधिकृतपणे चर्चेत आला. चर्चा मीच सुरू केली.

गुरुवार, १९ फेब्रुवारी
मधले दिवस राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत आणि सुट्टीनंतरच्या आळसात गेले.
तोडगा काढला: दार बंद करून फक्त खिडकी उघडायची. मग वारा आरपार जाणार कसा? स्लोबोदांकाबाईंनी बराच विचार केला. म्हणाल्या, आणि कुलपाचं भोक?
भोकाला चिकटपट्टी लावली. हँडल वीस मिनिटांसाठी मिळालं, रजिस्टरमध्ये नोंद करून. खोली २६ अंशांवर आली आणि वेळ संपली.
तीन अंश. प्रगती म्हणता येईल.

मंगळवार, २४ फेब्रुवारी, स. ८.४०
साडेसहाला आले. ऑफिस रिकामं. हँडल पर्समध्ये, पर्स बाईंच्या घरी. ओग्न्येनची पक्कड वापरली. दार सताड, खिडकी सताड. २२.८ अंश! दोन तास बसून बारा पट्टे तपासले. फरक ०.६, बाराही वेळा. आता वाद संपला.

संध्याकाळ
वाद संपला नाही. कागद बाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी कागदाकडे न बघता माझ्या मानेकडे बघितलं. काय गं, मान तिरकी का धरलीस? म्हटलं, माउसमुळे. म्हणाल्या, हो, माउसनेच पहाटे खिडकी उघडली असेल. मग राकियात, म्हणजे फळांच्या कडक दारूत, भिजवलेलं फडकं माझ्या गळ्याभोवती बांधलं आणि वर स्वतःची शाल. घरी जाईपर्यंत सोडायचं नाही, कळलं?
कळलं. मान साधारण चाळीस टक्के बरी वाटली. याचा फडक्याशी संबंध सिद्ध होत नाही.

शुक्रवार, ६ मार्च
ठराव (सकाळी ८): सही करणार नाही.

महिला दिन रविवारी, म्हणून कार्यक्रम आजच. साहेब प्रत्येकीला एकेक कार्नेशन देत फिरले. मला फुलासोबत कॅलिब्रेशनचा कागद दिला. म्हणाले, माल सोमवारी निघतोय, सोंबोरचे लोक वाट बघतायत, पुढच्या बॅचपासून खिडकीचं नक्की बघू. मागे सगळे केकच्या बश्या घेऊन उभे. ओग्न्येन हळूच म्हणाला, कर बाई, क्रीम वितळतंय. एका हातात फूल असल्यामुळे कागद परत करणं अवघड होतं.

सही केली. सशर्त. अट कागदावर मावत नव्हती, पण मला माहीत आहे. शिवाय खोलीच्या तापमानाच्या रकान्यात मी स्पष्ट २९ लिहिलं आहे. वाचणाऱ्याला ते दिसेलच.

मंगळवार, १७ मार्च
वृद्धाश्रमातून फोन. रुझाबाई, तिथल्या मुख्य नर्स. कागदावर माझं नाव बघून मलाच मागितलं.

म्हणाल्या, हे बघ पोरी, तुझा पट्टा म्हणतो ३७.५. आजोबा दात वाजवतायत. हात लावला तर अंग कढत. साधा थर्मामीटर लावला तर ३८.१. आता मी कुणाचं ऐकू?
मी विचारलं, आजोबा कसे आहेत. म्हणाल्या, आहेत ठीक, मी हाताचं ऐकलं ना. माझ्या मजल्यावरचे पट्टे काढून ड्रॉवरमध्ये टाकलेत. पण वरच्या मजल्यावर नवी मुलगी आहे, ती फोनचं ऐकते. तिचं काय करू?
मी म्हणाले, लेखी कळवते.
त्या म्हणाल्या, लेखी? बरं. आणि फोन ठेवला.

उद्या सही मागे घेणार. ठरलं. बदल नाही.

गुरुवार, १९ मार्च
काल सकाळी पुन्हा साडेसहाला, पुन्हा पक्कड, पुन्हा दोन तास, पुन्हा ०.६. पत्राला ताजा आधार हवा म्हणून. बाहेर गारठा होता. आज मान डावीकडे अजिबात वळत नाही. स्लोबोदांकाबाईंनी नुसती शाल आणून दिली. ते जास्त लागलं.

पत्राचा मसुदा केला. मुद्दा १: माझी सही रद्द समजावी, ३४० पट्टे परत मागवावेत, वरच्या मजल्यावर आजच फोन करावा. मुद्दा २: माझं टेबल.

मग ओग्न्येनचं आठवलं. साहेब एकच मुद्दा वाचतात. शिवाय एका पत्रात एकच विषय असावा, हे मूळ तत्त्व आहे. पहिला विषय मोठा. त्याला स्वतंत्र, नीट विचार करून लिहिलेलं पत्र हवं, आणि तसं लिहायला मान सरळ हवी. म्हणून क्रम बदलला.

दुपारी १२.०५ला पाठवलं. प्रत इथे:

‘मा. वुकाशिनसाहेब,
कॅलिब्रेशनच्या खोलीत आरपार वाऱ्याने माझी मान धरली आहे. माझं टेबल खिडकीपासून दूर हलवावं. कृपया बुधवार, २५ मार्चपर्यंत उत्तर द्यावं.
दुन्या’