न पेटवलेले सिगार

प्रिय भिंगरी,

तुझा सहकारी शुक्रवारी परत निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देतोय. फोनवर बोलायचं तर आई शेजारीच असते, आणि मेसेज आम्ही दोघं एकाच फोनवर वाचतो. म्हणून कागद. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच, पण एकटी असताना वाच.

आधी सिगारची खबर. तू पाठवलेले पाचही सुखरूप पोचले. आता एकूण एकेचाळीस झाले. ज्या माणसाने जन्मात साधी विडी ओढली नाही, त्याच्या कपाटात एकेचाळीस सिगार. पंचवीसची लाकडी पेटी कधीच भरली, म्हणून मी स्वयंपाकघरातला मोठा हवाबंद डबा पळवला. आई अजून दर दोन दिवसांनी त्या डब्याची चौकशी करते. आतला ओलावा पासष्ट ते सत्तर टक्क्यांच्या मध्ये राहायला हवा. खाली गेला तर पान तडकतं, वर गेला तर बुरशी धरते. मी दात घासायच्या आधी ओलावा मोजणारा काटा बघतो. काटा तरी खरा कशावरून, म्हणून तो ओल्या मिठाबरोबर बरणीत बंद करून तपासला. पंचाहत्तर दाखवायला हवं होतं, त्र्याहत्तर दाखवलं. तेव्हापासून मनातल्या मनात दोन मिळवतो, आणि तरी चैन पडत नाही. तीस वर्षं लिफ्ट तपासत फिरलेल्या माणसाचं असंच होतं. दोर शाबूत दिसला की मला वाटायचं, आपण नीट पाहिलाच नाही. गेल्या महिन्यात एका सिगारला टाचणीएवढं भोक दिसलं. दुकानदार म्हणाला, किडा आहे, सगळे गोठवून काढा. चार दिवस आमच्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीखाली सिगार होते आणि मी बर्फ काढायलाही कुणाला हात लावू देत नव्हतो.

हे सगळं कशासाठी, ते तुला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. सलग कुणी सांगितलेलं नाही. मागच्या वर्षीच्या तापात आईचं वासाचं ज्ञान गेलं. दुसऱ्या कुणाचं गेलं असतं तर जेवण बेचव लागलं असतं, इतकंच. पण तिचं पोट त्याच्यावर होतं, आणि पोटापेक्षाही तिचा ताठा त्याच्यावर होता. लहानपणी तू तिच्या चहाच्या कंपनीत आली होतीस, आठवतं? लांबलचक टेबल, त्यावर पांढऱ्या कपांची रांग, आणि आई चमच्याने चहा मोठ्याने सुर्रकन ओढून थुंकत पुढे सरकतेय. तू घरी येऊन आठवडाभर वरण तसंच खाल्लंस. नुसत्या वाफेवरून ती सांगायची, हा चहा पेटीत किती दिवस पडून होता. ताप उतरल्यावर पहिल्याच सकाळी तिने कप नाकाशी धरला आणि खाली ठेवला. कप विसळून पालथा घातला.

डॉक्टरांनी उग्र वासाच्या अर्कांच्या चार बाटल्या दिल्या. रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या, नाकाला पुन्हा शिकवायचं. तीन महिने तिने हुंगल्या. मग एक दिवस खालच्या मजल्यावरचे शिंपी मापाचे कपडे द्यायला आले, तेव्हा त्यांच्या खिशात भावाने दिलेला एक सिगार होता. सहज तिच्या हातात दिला. तिने तो नाकाशी नेला आणि म्हणाली, थांबा, काहीतरी आहे. ओलं लाकूड. मी खुर्चीतून उठलोच. तो सिगार शिंप्यांनी आम्हालाच देऊन टाकला, आणि दुसऱ्या दिवशी मी सिगारच्या दुकानाच्या दारात उभा होतो.

तेव्हापासून रोज सकाळी मी एक सिगार काढून तिच्यासमोर ठेवायचो. ती हुंगायची, डोळे मिटायची आणि वहीत लिहायची. आज चामडं. आज मिरी. आज भाजलेली कॉफी. मी तिच्यासमोर वही वाचायचो आणि ती आंघोळीला गेली की परत वाचायचो. वास येतोय म्हटल्यावर नवे हवेत, नवे आणले की जपायला हवेत. म्हणून काटा, मीठ, फ्रीजर. तुझं त्या पुलाच्या कामाचं बोलावणं आलं, तीन वर्षांचं, आणि तू जाऊ की नको करत होतीस, त्याच आठवड्यात आईने वही तुला वाचून दाखवली. सलग सात दिवस सात वेगळे वास. तू निर्धास्त झालीस आणि गेलीस. कंपनीनेही तिला कळवलं, येत्या सोमवारी परत कामावर या, पहिल्या दिवशी साहेबांसमोर बारा कप चाखा.

आता जे सांगायचं ते. तीन आठवड्यांपूर्वी मी बाजारातून आलो तर जिन्यातच करपल्याचा वास. दुधाचं पातेलं काळंठिक्कर पडलेलं, आणि आई दिवाणखान्यात पाठमोरी बसून पेपर वाचत होती. म्हणाली, लक्षातच राहिलं नाही बघा. मी मानलं. पुढच्या आठवड्यात पेटीत पांढरट बुरशी दिसली, म्हणून सगळे सिगार बाहेर काढून पुसले. पुसताना कागदी पट्ट्या निघाल्या आणि परत चढवताना दोन उलटसुलट झाल्या. त्यातला एक व्हॅनिलाचा, ज्याचा गोड वास मला दारापासून येतो. दुसरा कडक, कोरडा. माझी चूक मला माहीत नव्हती. सकाळी आईने कडक सिगारची पट्टी पाहिली, तो नाकाखाली फिरवला आणि लिहिलं, मिरी, जुनं चामडं. आणि माझ्यासमोर, भिंगरी, अख्ख्या खोलीत व्हॅनिलाचा घमघमाट होता. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दुसरा ठेवला. तिने पट्टी पाहिली, हुंगला आणि हसून म्हणाली, व्हॅनिला, हा तर कुणालाही येईल.

मी आठ दिवस गप्प राहिलो. गॅसचं बटण दिवसातून वीसदा बघायचो. दुकानात जायचं तर तिलाही बरोबर घ्यायचो, काहीतरी निमित्त काढून. काल तिने सोमवारची साडी इस्त्री करून दाराला टांगली, आणि मला राहवलं नाही. म्हटलं, पट्ट्यांची अदलाबदल झाली होती, माझ्या हातून. ती बराच वेळ साडीची घडी सारखी करत राहिली. मग म्हणाली, पहिल्या दिवशी खरंच आला होता हो. शिंप्यांच्या सिगारचा. अर्धा मिनिट असेल. नंतर कधीच नाही. मी विचारलं, मग वही? तर म्हणाली, तुम्ही रोज सकाळी समोर बसायचात, त्या तोंडाकडे बघून नाही कसं म्हणू? शब्द मला पाठ आहेत, पस्तीस वर्षं तेच केलंय. आणि पोरगी जाऊ की नको करत होती. मी विचारलं, सोमवारचं काय करणार होतीस? म्हणाली, तिथे गेल्यावर बघितलं असतं. बारा कपांपुढे उभी राहिले असते आणि सांगितलं असतं. तुम्हाला सांगण्यापेक्षा त्यांना सांगणं सोपं होतं.

आज सकाळी तिने कंपनीला फोन करून खरं सांगितलं. मी शेजारी उभा होतो. ती रडली नाही. फोन ठेवल्यावर म्हणाली, चला, आता गॅस गळला की वाजणारा तो सूचक बसवणाऱ्याला बोलवा, तुम्ही दर तासाला उठून बटण बघता, मला झोप लागत नाही. एकेचाळीस सिगारचं काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही. सवयीने काटा मात्र मी आजही बघितला.

तुला यातलं काही कळू द्यायचं नाही, असा शब्द तिने माझ्याकडून घेतलाय, आणि तो मी इथे मोडतोय. तू रविवारी फोन केलास की पहिला प्रश्न ठरलेला असतो : आई, आज कसला वास आला? तुला माहीत नाही, पण शनिवारी दुपारी ती दुकानातून आणलेली माहितीपत्रकं घेऊन बसते आणि तुझ्यासाठी उत्तर तयार करते. मला वाटायचं, अभ्यास करतेय. या रविवारी तो प्रश्न विचारू नकोस, एवढंच मागायला हे पत्र लिहिलं. तिकिटं बघू नकोस, काम टाकून येऊ नकोस. तू आलीस तर तिने एवढं सोसलं ते फुकट जाईल, आणि ते तिला माझ्यापेक्षा जास्त लागेल. मला तू यावीस असं वाटत नाही असं नाही. पण ते बाजूला ठेव. तिला फक्त विचार, आई, तू कशी आहेस? ती लगेच म्हणेल, मी मजेत. त्यानंतर दुसरं काही विचारू नकोस, फोनही ठेवू नकोस. थोडी थांब. तिला बोलायला वेळ लागेल.

तुझाच, शब्द न पाळणारा,
बाबा