दादाचा मसाला, आमचं सील

६ एप्रिल २०२०
पास मिळाला. खायचं म्हणजे अत्यावश्यक, म्हणून महाप्याचं आमचं युनिट चालू. इडली-ढोकळ्याच्या पिठाला एवढा मान मिळेल असं वाटलं नव्हतं. दिघ्याहून सरांच्या गाडीत, मागच्या सीटवर, काचा उघड्या. ऑफिसात सर, मी आणि पॅकिंगच्या तिघी. एक्स्पोर्टचे कागद सगळे स्कॅन करून पाठवते. पूर्वी शिक्क्यासाठी माणूस टेबलाटेबलांवर फिरायचा. ते कागद खरंच कोणी वाचायचं का?

१० एप्रिल
दादाचा फोन. त्याची पहिलीवहिली दुबईची ऑर्डर कळंबोलीच्या गोदामात अडकलीय. आय आणि वहिनीनं डंकावर उभं राहून कुटून घेतलेला आगरी मसाला. माल थोडा, त्यामुळे बंदराजवळच्या यार्डात दहाजणांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये भरायचा, कस्टम्सच्या माणसासमोर. यार्डातले हमाल गावाला गेले.
"माल हाय, गिऱ्हाईक हाय, भरनारा नाय," म्हणाला. या महिन्याच्या जहाजावर चढला नाही तर ऑर्डर रद्द. मग घरातल्या बायकांना काय सांगणार तो.

आमचे कंटेनर मात्र जातायत. का? सरांनी मागेच परवानगी काढून ठेवली होती, आपल्याच गेटवर भरायचं, आपणच सील लावायचं. तेव्हा ती कागदपत्रं करताना सरांना मनातल्या मनात लाखोली वाहिली होती मी. पीठही खायचं, मसालाही खायचा. रस्ता तोच, बंदर तेच. एक जातं, एक पडून. गंमतच.

१३ एप्रिल
दुबईची हॉटेलं बंद, आमच्या पार्टीनं अर्धी ऑर्डर कापली. कंटेनर अर्धा रिकामा जाणार.
दादा: "टाक ना मग माजे खोके त्यात. कोन बगतंय?"
नाही म्हटलं, चिडले पण. मग चैन पडेना. सरळ मार्ग असेलच की. दुपारभर नियम वाचले, डाळ करपली. आहे मार्ग! दुसऱ्याचा माल आपल्यामार्फत जातो, फक्त कागदावर बनवणाऱ्याचंही नाव हवं. इतकं साधं.

१४ एप्रिल
सरांशी बोलले. ऐकून घेतलं.
"खोक्यांत काय आहे माहीत आहे ना? सील लावताना मी तेच लिहून देणार."
"भावाचा मसाला आहे, सर."
"ते नाही विचारलं मी."
पण हो म्हणाले.

२० एप्रिल
मसाला आला, नवी लेबलं लावायला दोन दिवस घरी जाऊन. अख्खं गोदाम शिंकतंय, आणि हल्ली कोणी शिंकलं की बाकीचे भिंतीला चिकटतात. वॉचमन तर थेट गेटबाहेर.
वरच्या दोन रांगा उघडून बघितल्या. दादा दारात, मास्क नाकाखाली.
"सगले फोडतेस? घरच्यांवं बी भरवसा नाय?"
कटर खाली ठेवला.
सील मीच लावलं. बोटाएवढा बोल्ट. त्यावरचा कोड मोबाइलनं वाचला, ट्रकचा नंबर टाकला, कस्टम्सला पाठवलं. साहेब नाही, शिक्का नाही. घरी बसलेलं सरकार माझ्यावर विश्वास ठेवतंय. छाती फुगली, खरंच.

२१ एप्रिल
सकाळी आयचा फोन.
"आत्याच्या नातवाला जवला धाडलाय, मसाल्याच्या खोक्यात. पोरगा तिथं दुबईला अडकलाय, तोंडाला चव नाय त्याच्या."
 सुकी मासळी म्हणजे वेगळे नियम, वेगळे कागद. कुठल्या खोक्यात, तिला आठवत नाही. खालच्या कुठल्यातरी.

ट्रक अजून कळंबोलीला रांगेत. गप्प बसले तर? मसाल्याच्या वासात मूठभर जवळा कोणाला कळणार? चहा होईपर्यंत खरंच हाच विचार. पण तिकडे सापडला तर परवानगी जाईल, आमचं पीठही इथेच पडेल, आणि पॅकिंगच्या तिघी घरी बसतील. सरांना फोन केला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.
"ड्रायव्हरला थांबव. कस्टम्सला आपणच कळवू."

२३ एप्रिल
फोनवरचे साहेब शांत. "तुम्ही स्वतःहून सांगताय?" दोनदा विचारलं. बंदरात कंटेनर उघडून सगळे खोके तपासणार. पण उतरवणार कोण? तेच हमाल, जे नाहीत. जहाज उद्या संध्याकाळी. सरांनी खुलासा लिहून पाठवला, परवानगीचं नंतर बघू म्हणाले साहेब. स्वतःहून सांगितल्याला काही सूट असते का? शोधलं. अजून सापडलं नाही.

आत्ता दादाचा फोन. मला वाटलं झापणार.
"आयला कायेक सांगू नको. तिच्यामुलं जालं असं वाटंल तिला."
बरं म्हटलं.
मग कोणामुळे, ते त्यानं विचारलं नाही. मीही त्या खाली ठेवलेल्या कटरचा विषय काढला नाही.